सव्वा मूठ

रंजना मॅडमचा आवाज सुरतेच्या गोडादऱ्यातल्या त्या गल्लीला पाठ होता. दुपारी वरच्या खोलीची खिडकी उघडी असायची आणि आवाज खाली उतरायचा, जरासा नाकातून, जरासा ताणून, शेवटच्या शब्दाला झोका देत. "खरं सांगू काऽऽ, तुमची नायिका मला दिसतच नाही हो. ती रडते, रडते म्हणता. पण रडते म्हणजे नेमकं काय करते? पदर चावते? नाक पुसते? कशानं पुसते?"

खाली लारीवर भाजी विकणारा कोथिंबिरीवर पाणी मारता मारता थांबायचा आणि त्याच झोक्यात समोरच्या बाईला म्हणायचा, "खरं सांगू काऽऽ, बेन, भेंडी आज ताजी नथी." गल्ली फिसकन हसायची. शाळेतून येणारी पोरं तर नाक चिमटीत धरून घरापर्यंत तेच म्हणत जायची. मॅडम वरून डोकावून बघायची आणि तिला वाटायचं, लोकांचं आपलं चाललंय काहीतरी.

दुनियेचे आवाज तिला ऐकू यायचे. धंदाच त्याचा. स्वतःचा तेवढा नाही.

तिचा धंदा काय, हे गल्लीला समजावणं कठीण. साडीला टिकल्या चिकटवणारी बाई गल्लीला कळते, फॉल लावणारी कळते, डबे देणारी कळते. ही लोकांच्या गोष्टी दुरुस्त करायची. जळगावचा कुणी कारकून, नंदुरबारची कुणी नर्स, नवापूरचा रिटायर कंडक्टर, पांडेसऱ्यातला डाईंगचा कामगार, सगळे रात्रंदिवस खपून कथा-कादंबऱ्या लिहायचे आणि हिला पाठवायचे. ही ते कागदावर छापून घ्यायची, लाल पेनानं रेघा मारायची, समासात बारीक अक्षरात सूचना लिहायची, आणि वर तो व्हॉइस मेसेज. आधी ती सुरतेतल्या एका मराठी साप्ताहिकात मुद्रितं तपासायची. साप्ताहिक बंद पडलं तेव्हा लोक हळहळले. हिनं टेबल टाकलं.

सासू पुष्पाबाईंनी मुद्रितांपासून धरून पंधरा वर्षं हे पाहिलं आणि पंधरा वर्षं त्यांचं एकच मत होतं. जिन्याखाली पाटावर बसून त्या आल्यागेल्याला सांगायच्या, "दुसरानं लिखेलवर लाल रेघा मारानं बी काम ऱ्हास का, माय? आमनी रंजूले इचारा." नवरा योगेंद्र पांडेसऱ्यात रंगाईच्या कारखान्यात सुपरवायझर. दिवसभर मशिनांच्या गोंगाटात ओरडून यायचा आणि घरी आल्यावर तोंड उघडायचा ते फक्त जेवायला. तेव्हा घरात बोलायचं काम दोघींचंच. एक वरून, एक खालून.

ती वरची खोली आधी धाकट्या दिराची. दीर ललित काविळीत गेला, त्याला चौदा वर्षं होत आली. त्यानंतर दीडेक वर्षानं त्याची बायको नूतन सहा वर्षांच्या पोरीला घेऊन इच्छापोरला भावाकडे राहायला गेली. "मग खोली मोकळी झाली आणि मी टेबल टाकलं," असं मॅडम सांगायची. मोकळी झाली. जसा नळ जातो, लाइट जाते, तशी खोली मोकळी झाली.

दर तीन महिन्यांनी ती नव्या लेखकांसाठी मोबाइलवर वर्ग घ्यायची. नाव 'कथेची शाळा'. यंदा चौथी तुकडी, दर शुक्रवारी दुपारी चारला. टोपणनाव घेतलं तरी चालेल, ही सवलत तिनंच दिलेली, कारण बायका सासरच्यांच्या भीतीनं खऱ्या नावानं लिहीत नाहीत. आणि पहिल्याच दिवशी ती सगळ्यांना एक वाक्य वहीत उतरवून घ्यायला लावायची: जिथं लिहिताना हात थांबतो, तिथंच कथा असते. "तिथून पळायचं नाही. पळाल तर मला वास येतो."

तुकडीत आठ जण. त्यातला लोकेश वर्ग गाजवायचा. तो इच्छापोरच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला, रात्रपाळी करून आलेला, आवाज झोपेनं जड.

"मॅडम, तिसऱ्या पानावर तीन मर्डर टाकलेत. कमी तर नाही ना पडत?"

"लोकेशदादा, मेलेली माणसं आधी जिवंत करा."

"म्हणजे भूत?"

"म्हणजे त्यांना काहीतरी आवडू द्या, कशाचा तरी राग येऊ द्या. माणूस जिवंत असेल तरच मेल्याचं वाईट वाटतं."

"आई शप्पथ, मॅडम. एक नंबर."

आणि एक होती शेवंती. टोपणनावच. कधी बोलायची नाही, माइक कायम बंद, फोटोच्या जागी कुठल्याशा फुलाचं चित्र. विचारलं तर लिहून उत्तर यायचं, "घरात आवाज असतो, ताई." पण हिची कथा वाचताना मॅडमचा लाल पेन हवेतच राहायचा. कथा एका लहान मुलीची. बाप गेलेला, आई गप्प झालेली, एकत्र कुटुंब, आणि घरात एक मोठी काकू. शेवटी एका लग्नाच्या पंगतीत काकू या मायलेकींची दोन ताटं मोजायला विसरते आणि दोघी उपाशी परत येतात.

मॅडमनं खिडकीशी उभं राहून तिला सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज टाकला. त्या खिडकीचा तिसरा गज बाहेरच्या बाजूला वाकलेला होता. बोलताना तिची बोटं त्या वाकावरून फिरत राहायची, ही तिची जुनी सवय.

"शेवंती, खरं सांगू काऽऽ, हात आहे तुमच्याकडे. पण ही काकू मला दिसत नाही हो. तिला एखादी लकब द्या. बोलण्याची म्हणा, नाक ओढायची म्हणा. दुसरं, पंगत. पंगत सगळ्यांनी लिहिली. तुमच्या घरात असं काय होतं जे शेजारच्या घरात होत नाही? ते आणा. आणि तिसरं, विसरली? कोण विसरतं हो? विसरणं ही लेखकाची पळवाट. माणसं विसरत नाहीत, मुद्दाम करतात आणि मग विसरलो म्हणतात. तुमचा हात तिथं थांबला. लिहा. त्या बाईला सोडू नका."

खाली पुष्पाबाई गहू निवडत होत्या. श्रावण लागला होता, कानबाईचा सण दहा दिवसांवर. त्यांनी वर मान करून विचारलं, "कोन बाई? कोनले सोडानं नही?"

"कथेतली आहे, आत्या."

"मंग ठीक शे."

मंगळवारी शेवंतीचा नवा मजकूर आला, पहिला अर्धा. मॅडम चहाचा कप हातात घेऊन वाचायला बसली आणि दुसऱ्या पानावर खुदकन हसली. शेवंतीनं काकूला लकब दिली होती. ही काकू खोटं बोलायच्या आधी न चुकता म्हणायची, "खरं सांगू का." आणि म्हणताना 'का' असा लांबवायची की ऐकणाऱ्याला वाटावं, आता ही आपल्याला झोक्यात बसवून ढकलणार.

मॅडमनं समासात लिहिलं: झकास! ही बाई आता ऐकू येते. एवढ्यावर थांबती तरी निभावलं असतं. तिनं तो उतारा अख्ख्या ग्रुपवर टाकला. वर स्वतः वाचूनही दाखवला, आवाज काढून, रंगात येऊन. "बघा मंडळी, खलनायिका अशी रंगवतात!"

ग्रुपवर आधी नुसत्या निळ्या खुणा. मग एक हसणारं तोंड. मग पाच हसणारी तोंडं. मग लोकेश: "मॅडम, हा आवाज कुठंतरी ऐकलाय यार."

"हेच तर यश, लोकेशदादा! चांगलं पात्र ओळखीचं वाटतं."

"ओळखीचं म्हणजे... बरं, जाऊ द्या मॅडम. एक नंबर."

बुधवारी दुपारी उरलेला अर्धा भाग आला. मॅडमनं पेनाचं टोपण काढलं.

मुलीची खोली होती त्यात. वरच्या मजल्यावर, जिन्याला लागून. खिडकीला पाच गज. मुलगी तीन वर्षांची असताना तिनं भाजीवाल्याला बघायला दोन गजांमधून डोकं घातलं आणि ते अडकलं. गल्ली गोळा झाली. कुणी म्हणे तेल लावा, कुणी म्हणे साबण लावा. मग बापानं कारखान्यातून लोखंडी पाइप आणला आणि तिसरा गज बाहेरच्या बाजूला वाकवला.

मॅडमची बोटं तेव्हाही गजावरच होती. तिनं हात असा काढला, जसा तापल्या तव्यावरून काढतात.

आणि पुढं रोट होता.

खानदेशातून आलेल्या घरांत कानबाई बसते तेव्हा रोट होतो. घरोघरची रीत वेगळी, पण यांच्या घरात घरच्या प्रत्येक माणसाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजायचा, बाया-पोरी धरून. तो एकत्र दळायचा, त्याच पिठाच्या पुरणपोळ्या करायच्या, आणि ज्याच्या नावाची मूठ पडली त्यानंच त्या खायच्या. बाहेरच्याला तो रोट चालत नाही. मूठ पडली तर तू घरचा. त्यामुळे ती मूठ म्हणजे गहू नव्हेच, हजेरी असते.

शेवंतीनं लिहिलं होतं: मोजायला मोठी काकू बसली होती. बाप जाऊन दीड वर्ष झालेलं, वर्षाच्या खंडानंतर पहिल्यांदाच कानबाई बसलेली. आईनं पहाटेपासून पुरण वाटलं होतं. पानं वाढली. भाऊबंदांतल्या एका म्हातारीनं नावं घेत घेत विचारलं, धाकटीची मूठ कुठाय? काकू म्हणाली, "खरं सांगू का, राहूनच गेली हो. गडबडीत." मुलगी रिकामं ताट पुढं धरून बसली होती. ती म्हणाली, "मला?" आईनं तिचा ताटाचा हात हळूच खाली केला. काकू विसरली नव्हती. तिला ती खोली हवी होती.

मॅडमचे कान इतके तापले की तिनं दोन्ही तळवे त्यांच्यावर ठेवले. मग उठून खिडकी लावली. मग पुन्हा उघडली, कारण दुपारी ही खिडकी बंद कशी, असं कुणी विचारलं तर? कुणी विचारणार नव्हतं. पण लाजेला वाटतं, अख्खी गल्ली आपल्याकडेच तोंड करून बसलीय.

बारा वर्षं तिनं तो दिवस कसा ठेवला होता? घडी घालून, तळाशी. गडबड होती, पाहुणे होते, राहून गेलं. आता शेवंतीनं घडी मोडली तर आतली चुणी न् चुणी दिसायला लागली. तेव्हा तिची मुद्रितं स्वयंपाकाच्या ओट्यावर असायची. त्यांच्यावर हळदीचे डाग पडायचे, साप्ताहिकाचे संपादक चिडवायचे, "आज काय भाजी केली ते कळलं." वर नूतनच्या खोलीत उजेड, वारा, आणि ती बाई दिवसभर भिंतीकडे बघत बसलेली. तेवढ्यात भाऊबंदांत कुजबुज उठली, नूतन तरुण आहे, दुसरं घर बघेल. ती कुजबुज रंजनाला फार सोयीची वाटली. सोयीची. हाच शब्द. दुसऱ्या कुणाच्या कथेत असता तर तिनं खाली रेघ मारून शेजारी 'नेमका' असं लिहिलं असतं.

म्हणजे शेवंती कोण, हे सांगायला आता कुणी नको होतं. ललितची हर्षदा. आता अठरा वर्षांची असेल. बारा वर्षांत लग्नाकार्यात त्या मायलेकी दिसल्या तरी मांडवाच्या त्या टोकाला, आणि ही या टोकाला.

आणि ही कथा दिवाळी अंकाच्या स्पर्धेला जायची होती. आधी शुक्रवारी वर्गात वाचायची. अख्ख्या तुकडीसमोर. जळगाव, नंदुरबार, सगळीकडं.

माणूस पकडला जातो तेव्हा हाताला लागेल ते अंगावर ओढतो. हिच्या हाताला लाल पेन लागला.

तिनं पूर्ण रोटाच्या प्रसंगावर तिरकी रेघ मारली. फोटो काढला. फोन तोंडाशी धरला आणि तिचा तो शहाणा, मऊ, वर्गातला आवाज काढला. "शेवंती, छान झालंय. पण खरं सांगू काऽऽ, हा रोटाचा प्रसंग कथेला जड होतो. काकू अगदीच एकांगी होते. शिवाय लहान मुलीला काकूच्या मनातलं कसं कळेल? मला वाटतं, खोली वगैरे काढून टाका. ती विसरली, एवढंच ठेवा. संयम, शेवंती. संयमात सौंदर्य असतं."

पाठवला. आणि सवयीनं, नीट गेला का बघायला, तोच परत लावून ऐकला.

खोलीत ती काकू बोलत होती. नाकातून, ताणून, झोका देऊन. खोटं बोलायच्या आधी न चुकता.

खालून लारीवाल्याचा आवाज आला, "खरं सांगू काऽऽ, बेन..." आणि गल्लीचं हसू आलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा रंजनाला कळलं की ते कुणाला हसतात. तिला कालचा उतारा आठवला, जो तिनं स्वतः वाचून दाखवला होता, स्वतःचाच आवाज काढून. पाच हसणारी तोंडं आठवली. ती खुर्चीत इतकी लहान झाली की पाय जमिनीला टेकतायत का, बघावं लागलं.

मेसेज पुसून टाकावा म्हणून तिनं बोट ठेवलं. तोवर ऐकला गेला होता. उत्तर आलं, "बरं, ताई. काढते."

ताई म्हणतेय. वाद नाही, रुसवा नाही. तासाभरात नवा मजकूर आलाही. खोली गेली होती, वाकडा गज गेला होता, 'मला?' म्हणणारी पोर गेली होती. शेवटचं वाक्य होतं: काकूंच्या ते लक्षातच राहिलं नाही.

रंजना ते वाक्य वाचत राहिली. बारा वर्षं हे खोटं तिच्या एकटीच्या तोंडी होतं. आता ते तिनं त्या पोरीच्या हातून लिहवून घेतलं होतं, तेही शिकवणीच्या नावाखाली. मूठ चोरली तेव्हा निदान धान्यातली चोरली होती.

खालून पुष्पाबाईंची हाक आली, "रंजू! गहू निवडी टाका. मोजाले कधी बसशी?"

ती खाली गेली. परातीत गहू, शेजारी सूप. ती बसली, पहिली मूठ सासूच्या नावानं भरली आणि हात तसाच हवेत राहिला. एक गोष्ट शेवंतीच्या कथेत नव्हती. असणारच नाही, कारण ती कुणीच पाहिली नव्हती.

"काय व्हयनं वं?" पुष्पाबाई म्हणाल्या. "हात काबं थांबना?"

तिनं गहू परातीत सोडला, हात पदराला पुसले आणि जिना चढून वर गेली. या वेळी फोन तोंडाशी धरला नाही. स्वतःच्या आवाजाची तिला आता भीती वाटत होती. तिनं टाइप केलं.

"शेवंती, माझी सूचना चुकीची होती. काढलेलं सगळं परत घाल. आणि एक तपशील घाल. काकू मोजत होती तेव्हा तिनं धाकटीच्या नावानं मूठ भरली होती. मुलीच्या नावानंही भरली. सव्वा सव्वा. दोन्ही बाजूला काढून ठेवल्या. मग इकडंतिकडं पाहिलं आणि त्या परत पोत्यात सोडल्या. गहू पडताना आवाज होतो म्हणून हात आत घालून सोडल्या."

निळ्या खुणा आल्या. मग: "हे तुम्हाला कसं माहीत, ताई?"

"मीच मोजत होते."

वर 'टाइपिंग' असं दिसायचं, जायचं, दिसायचं, जायचं. मग एकदम आलं.

"मोठी आई, तुम्ही आहात हे मला माहीत होतं. जाहिरातीत नाव बघूनच आले. शेवटच्या दिवशी सांगणार होते. तुम्हाला आवडेल असं वाटलं, मी पण लिहिते म्हणून."

लगेच खाली दुसरा.

"पण आई तर नेहमी सांगते की तुम्ही विसरल्या होत्या. गडबड होती म्हणते. माझ्या पहिल्या कथेत तेच होतं ना. तुम्हीच म्हणाल्या, विसरणं ही पळवाट आहे, बाईला सोडू नका. म्हणून मी ते मुद्दाम केल्याचं रचलं. खोलीचं पण मनानंच रचलं."

आणि तिसरा, नुसता एवढाच.

"मी रचलेलं खरं निघालं?"

रंजनानं फोन टेबलावर पालथा ठेवला. म्हणजे हिला कुणी पकडलंच नव्हतं. नूतननं, जिच्या पोरीच्या हातातलं ताट खाली झालं होतं, तिनं बारा वर्षं त्या पोरीसमोर मोठ्या जावेची लाज झाकून धरली होती. पळवाट म्हणे. झाकलेली ती लाज आपणच शिकवणी देऊन पोरीच्या लेखणीनं उघडी केली. जिला सोडायचं नव्हतं ती बाई आपणच बोट दाखवून शेवंतीच्या हाती दिली.

तिनं फोन सुलटा केला. चारशे पानांची कादंबरी सरळ करणाऱ्या बाईला चार शब्द जुळेनात. शेवटी लिहिलं, "हो. खरं आहे." मग भीत भीत, "रोटाचा गहू अजून मोजायचा आहे. तुझ्या आणि आईच्या नावाची मूठ टाकू का? आईला विचारशील?"

"विचारते."

अर्धा तास ती वाकडा गज बघत बसली. त्याला हात लावायचा तिला आता धीर नव्हता. उत्तर आलं.

"आई म्हणते, नको. पाच वर्षं झाली, आमचं इथं वेगळं घर आहे. आम्ही आमचा रोट करतो. दोन मुठींचा होतो. पुरतो आम्हाला."

त्यात राग नव्हता. राग असता तर त्याच्याशी काही बोलता आलं असतं.

मग शेवटचं. "शुक्रवारी वाचायची माझी पाळी आहे. वाचू का? तुम्हाला नको असेल तर दुसरी कथा आहे माझ्याकडे."

सुटकेचं दार पोरीनं स्वतःच उघडून धरलं होतं. दुसरी कथा. कुणाला काही कळणार नाही. रंजनानं 'दुसरी' एवढं टाइप केलंही. मग पुसलं. "हीच वाच," तिनं लिहिलं. "मूठ परत सोडल्याचं घालून."

शुक्रवारी चार वाजता सगळे आले. शेवंतीचा माइक पहिल्यांदा उघडला आणि आतून जो आवाज आला त्यानं सगळे सावरून बसले. स्वच्छ, खट्याळ, धारदार. पोर नुसती वाचत नव्हती, माणसं उभी करत होती. गजात डोकं अडकल्यावर तेल लावा म्हणणारी म्हातारी वेगळी, साबण लावा म्हणणारी वेगळी. भाजीवाला तर असा काढला की खालचा खराखुरा भाजीवाला मान वर करून बघायला लागला. लोकेश हसता हसता खोकला. आणि मग काकू आली.

"खरं सांगू काऽऽ..."

नाकातून, ताणून, झोका देऊन. हुबेहूब. पडद्यावरच्या सातही खिडक्यांत माणसं आधी हसली आणि मग एकेक करून हसायची थांबली, कारण त्यांना आता कळलं की हा आवाज कुठं ऐकलाय. मूठ परत पोत्यात सोडल्याच्या वाक्याला पोरीचा आवाज साधा झाला, तिचा स्वतःचा. तिथं तिनं कुणाचीच नक्कल केली नाही.

वाचन संपलं. नंदुरबारच्या नर्सबाईंनी भाबडेपणानं विचारलं, "मॅडम, कथा फार अंगावर आली. पण ही काकू... खरी आहे का हो कुणी?"

रंजनाच्या तोंडात ते शब्द आपोआप आले, पंधरा वर्षांच्या सवयीनं. "खरं सांगू का..." आणि ती अडली. 'का' लांबवता आला नाही. तिनं पडद्यावरच्या त्या फुलाच्या चित्राकडं पाहिलं आणि अगदी हळू म्हणाली, "ती मी आहे."

मग लोकेशचा जड आवाज. "हॅलो? मॅडम, आवाज कट झाला. ऐकू नाही आलं. परत बोला ना जरा."

एकदा बोलायलाच तिचा सगळा जीव गेला होता. तिनं फोन जवळ घेतला, डोळे मिटले.

"ती काकू मी आहे, लोकेशदादा. या हर्षदाची मोठी आई. मी विसरले नव्हते. मी मुठी भरून परत सोडल्या."

या वेळी आवाज मोठा निघाला. खिडकी उघडीच होती. खाली लारीपाशीचं बोलणं थांबलं. हर्षदाच्या फुलामागून नुसता पंख्याचा आवाज येत राहिला.

आणि जिन्याखालून, गव्हाच्या परातीवरून, पुष्पाबाई म्हणाल्या, "आते ऐकू उनं, माय. आते ऐकू उनं."